ग्लास येतो, माणूस अजून नाही

सदलगे सर वारले की त्यांच्यावर लिहायचं, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. पण गुडघे सोडले तर सर ठणठणीत आहेत आणि माझा राग काही निवत नाही, तेव्हा आता थांबण्यात अर्थ नाही. शिवाय मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं लागतं, ही एक अडचण. सरांच्या हातात हे पडलं तर ते चष्मा कपाळावर चढवून सगळं वाचतील आणि म्हणतील, "लांबलंय." त्यापलीकडे एक शब्द म्हणणार नाहीत. माझं त्यांच्याशी भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

मी पुण्याची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि मारतहळ्ळीत राहायला लागले. सोमवार ते शुक्रवार कसे जायचे ते कळायचं नाही, शनिवार मात्र जाता जायचा नाही. कपडे धुवायचे, आईला फोन करायचा आणि बाल्कनीतून रिंग रोडवर तुंबलेल्या गाड्या बघत बसायचं. अशाच एका शनिवारी मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला: पेन्सिलने चित्र काढायला शिका, अगदी पहिल्यापासून, फक्त मोठ्यांसाठी. शाळेत दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य आणि आभाळात मराठी चाराच्या आकड्याचे पक्षी, यापलीकडे मी कधी गेले नव्हते. म्हटलं, जाऊन तर बघू.

मंडळाच्या सभागृहामागे एक खोली होती. गणपतीच्या आराशीचं थर्मोकोल, मोडक्या खुर्च्या, जुन्या नाटकाचा एक दरवाजा, असं सगळं तिथे रचून ठेवलेलं असायचं. त्यातच जागा करून आम्ही बसलो होतो. सर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या येलहंकेहून बस बदलत आले. काटकुळा माणूस, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत नॅपकिनमध्ये गुंडाळलेला स्टीलचा ग्लास. आम्हाला वाटलं पाणी प्यायला आणला असेल. सरांनी तो खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला, आणि म्हणाले, "काढा."

ना ओळख, ना प्रस्तावना. आम्ही काढला. ग्लास काढण्यात काय अवघड असतं? दोन उभ्या रेघा, वर एक लंबगोल, खाली एक आडवी रेघ. सर सगळ्यांच्या मागून फिरून आले.

"सगळ्यांनी बूड सपाट काढलंय," ते म्हणाले.

आमच्यात ठाण्याचे एक गृहस्थ होते, कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर. ते म्हणाले, "पण सर, ग्लासचं बूड सपाटच असतं ना. नाहीतर तो उभा कसा राहील?"

"ऱ्हाऊ दे की उभा. तुम्हाला दिसतंय काय, ते सांगा. वरचा काठ गोल दिसालाय न्हवं? मग खालचा सरळ कसा होईल? बघा नीट. वरच्यापेक्षा खालचा स्वल्प जास्तच वाकलाय. स्टूल सपाट आहे हे तुमच्या डोक्याला माहीत आहे, म्हणून हातानं सपाट काढलं. डोळ्याला कुणी विचारलंच न्हाई."

मी पाहिलं. खरंच वाकलेला होता. इतकी वर्षं रोज ग्लासातून पाणी पीत होते आणि मला तो कधी दिसला नव्हता. त्या दिवशी घरी जाऊन मी कुकर, बादली, कुंडी, खालच्या मोटारीची चाकं, सगळ्यांची बुडं तपासली. ही एक गोष्ट सरांनी मला दिली, आणि ती माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. त्यांच्यावर रागावतानासुद्धा मी हे विसरत नाही. विसरता आलं असतं तर रागावणं सोपं गेलं असतं.

सर मूळचे निपाणीकडचे. आयुष्य बेंगळुरूत कन्नड शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलं. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि आमच्याशी बोलताना दोन्हींची भेळ. नावं लक्षात ठेवायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते गावाच्या नावाने हाक मारायचे. मी 'पुणे'. ते वरच्या जागेवरचे गृहस्थ 'ठाणे'. ते पहिल्या दिवशी मुंबई म्हणाले होते, पण सरांनी "मुंबईत कुठं?" असं खोदून विचारलं आणि त्यांना ठाण्यावर आणून ठेवलं. एचएसआर लेआउटमधून येणारी रोहिणी 'नागपूर'. तिच्याबद्दल पुढे सांगायचं आहे. खरं तर तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

वर्गाचे नियम साधे होते. चपला बाहेर, खोडरबरही बाहेर. चुकलेली रेघ खोडायची नाही, राहू द्यायची आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढायची. पेन्सिल ब्लेडने तासायची, शार्पनरने नाही. "पेन्सिल तासता येईना, आणि चित्र कुठलं काढताय," असं ते म्हणायचे. पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकाशी धरली की येऊन मागे ओढायचे. रेघ मनगटातून नाही, खांद्यातून आली पाहिजे. कितीतरी शनिवार आम्ही नुसत्या रेघा ओढल्या; उभ्या, आडव्या, तिरक्या, आणि मग हलक्यापासून गडदपर्यंतच्या पट्ट्या. मग पुन्हा ग्लास. ग्लास झाला की ग्लासच्या शेजारची रिकामी जागा. "ग्लास काढू नका. ग्लास आणि खिडकीच्या मधे जी हवा आहे, तिचा आकार काढा. ग्लास आपोआप येतो." आपोआप काही येत नव्हता, पण आम्ही काढत होतो.

मधल्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफी. सर नेहमी बाय-टू सांगायचे, म्हणजे एक कॉफी दोन ग्लासांत. दुसरा अर्धा कुणाला द्यायचा ते तेच ठरवायचे, आणि ज्याला मिळायचा तो दिवसभर खुशीत असायचा. आता विचार केला की हसू येतं. चांगली शिकली-सवरलेली माणसं आम्ही, लोकांचे पगार ठरवणारी, आणि अर्ध्या कॉफीवर खूश.

कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. 'छान' हा शब्द वर्गात चालायचा नाही. शेजाऱ्याचं चित्र बघून कुणी 'छान' म्हणालं की सर लगेच विचारायचे, "काय छान? कुठं छान? बोट ठेवा." बोट ठेवता यायचं नाही. "छान म्हणणारा माणूस बघत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कुठून आलं, ते एकदा कॉफी पिता पिता त्यांनीच सांगितलं. शाळेत परीक्षा जवळ आली की चित्रकलेचे तास गणिताच्या मास्तरांना जायचे. सरांना काम उरायचं ते फळ्यावर सुविचार लिहायचं, कुणी साहेब येणार असले की स्वागताचा फलक रंगवायचं, आणि प्रमाणपत्रांवर वळणदार अक्षरात मुलांची नावं घालायचं. प्रत्येक फलकाला सगळे छान म्हणायचे. एकदा सरांनी एका मोठ्या पाहुण्यांच्या स्वागताच्या फलकात मुद्दाम पाहुण्यांच्या नावातलं एक अक्षर गाळलं.

"मग?" ठाण्यांनी विचारलं.

"मग काय. हेडमास्तर छान म्हणाले. साहेब पण फलकासमोर उभं राहून फोटो काढून घेतले, आणि म्हणाले, ब्यूटिफुल. स्वतःचं नाव, तेही बघितलं न्हाई त्यांनी."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. मला तेव्हा त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं होतं. आजही वाटतं. पण ज्याला आयुष्यभर खोटी नाणी मिळाली, त्याने खरी नाणी स्वतःच्या खिशात दाबून ठेवावीत, हा कुठला न्याय?

ठाण्यांची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर सरांवर अन्याय होईल. ठाण्यांनी एकदा आपल्या मुलीचं चित्र काढून आणलं. फोटोवर कागद ठेवून गिरवलेलं होतं, पण दिसायला सुरेख. सगळे बघत होते. सरांनी बराच वेळ ते हातात धरलं आणि विचारलं, "पोरीचा कान असा आहे?"

"फोटोत तसाच आहे, सर."

"फोटो राहू दे. कान कसा आहे?"

ठाण्यांना सांगता येईना. मुलगी बारावीला होती, एकाच घरात राहत होती. पुढच्या शनिवारी ते आले तेच मुळी सांगत, की तिच्या डाव्या कानाच्या पाळीला एक बारीकशी खाच आहे आणि ती जन्मापासून आहे, बायकोला माहीत होती, त्यांना नव्हती. सर म्हणाले, "आता काढा." त्यांनी काढलं, वेडंवाकडं, पण कान कानासारखा आला. सरांनी पाहिलं आणि पुढे गेले. ठाण्यांना ते पुरलं. काही माणसांना पुरतं.

मंडळाच्या हळदीकुंकवाला एकदा सरांच्या बायको आल्या होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. कुणीतरी थट्टेने विचारलं, "अक्का, सर घरी तरी कधी चांगलं म्हणतात का हो?"

अक्का जराही न थांबता म्हणाल्या, "म्हणालेत की एकदा. आमटीत मीठ बरोबर आहे, म्हणाले. शेजारच्या बाईनं दिली होती ती आमटी."

सगळ्या बायका हसल्या, अक्काही हसल्या. रोहिणी मात्र हसली नाही, ती अक्कांच्या तोंडाकडे बघत राहिली.

आता रोहिणी. नवऱ्याच्या बदलीबरोबर नागपूरहून आलेली. लग्नाआधी थोडे दिवस नोकरी केली होती, मग मुलगा, सासू-सासरे, तीन गावं बदलून बेंगळुरू. बोलायला मऊ, अंगाने सावकाश. घरी तिच्या चित्रांना 'टाइमपास' म्हणत. नवरा वाईट नव्हता, तो तिला गाडीने सोडायला यायचा आणि "झाला का टाइमपास?" असं हसत विचारायचा. ती त्यावर कधी चिडली नाही. ती चिडली असती तर फार बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

तिला ग्लास यायचा. आमचे ग्लास कागदावर चिकटवल्यासारखे दिसायचे. तिचा स्टुलावर ठेवलेला दिसायचा. बूड टेकलेलं, काठाला जाडी, आणि स्टीलमध्ये खिडकीचं वेडंवाकडं प्रतिबिंब जसं असतं तसं. सर तिच्या मागे इतरांपेक्षा जास्त वेळ उभे राहायचे. आम्ही सगळे ते मोजायचो आणि आमच्या हिशेबी ती शाबासकीच होती. तिच्या हिशेबी नव्हती.

"मागे उभे राहून काय बघून राहतात कोण जाणे," ती मला म्हणायची. "मला तर घाम फुटतो. चुकलं असंल म्हणूनच थांबत असतील नं?"

"अगं, आवडलं म्हणून थांबतात."

"मग म्हणत का नाहीत?"

सरांची अर्धी कॉफी तिला एकदाही मिळाली नाही. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग ती शाळेची गोष्ट आली. तिचा मुलगा ज्या शाळेत होता तिथल्या चित्रकलेच्या बाई सोडून चालल्या होत्या. रोहिणीने मुलाच्या प्रकल्पासाठी काढलेली चित्रं मुख्याध्यापिकेने पाहिली होती. तिने रोहिणीला बोलावून विचारलं, शिकवाल का? फक्त तुम्ही कुणाकडे शिकलात त्यांच्याशी एकदा बोलते. रोहिणी त्यानंतरच्या शनिवारी वर्गाच्या आधी मला दाराशीच गाठून हे सांगत होती. नोकरीपेक्षा तिला दुसरंच काहीतरी हवं होतं, ते तिने स्वतःच सांगितलं. "सर फोनवर त्यांना काहीतरी म्हणतील नं गं. काय म्हणतात ते मला कळंल. चांगलं का वाईट, एकदाचं कळंल."

तिने सरांना विचारलं, तुमचा नंबर देऊ का? सर म्हणाले, "द्या की."

फोन वर्ग चालू असतानाच आला. सरांचा फोन जुना, बटणांचा, आणि त्यातला आवाज खोलीभर ऐकू यायचा. सर फोनवर बोलायचेही असे, की मधे फोन नसता तरी चाललं असतं. रोहिणी पहिल्या रांगेत बसली होती, ग्लासच्या अगदी समोर. मुख्याध्यापिका इंग्रजीत बोलत होती, सर त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत.

"इज शी गुड?" पलीकडून आवाज आला.

"व्हॉट इज गुड, मॅडम? शी इज लर्निंग."

मग पलीकडून बरंच काही सांगून झालं. स्नेहसंमेलन असतं, स्टेजमागचे पडदे रंगवायचे असतात, पाहुणे येतात तेव्हा सजावट असते. सजावट म्हटल्यावर सरांचा चेहरा कठोर झाला. मी पाहिलं ते. पलीकडून पुन्हा प्रश्न आला, माणसं, चेहरे, हे सगळं येतं का त्यांना?

"ग्लास, येस," सर म्हणाले. "ह्यूमन फिगर, नॉट येट."

"ओन्ली ग्लास?"

"येस मॅडम. ओन्ली ग्लास."

फोन ठेवला आणि सर आमच्याकडे वळून म्हणाले, "काय बघालाय? ग्लास बघा की."

त्यांनी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. आम्हाला कुणालाच माणूस शिकवला नव्हता, तर येणार कुठून? त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला हेही ठाऊक होतं, की 'ग्लास येतो' एवढंसुद्धा सरांनी आजवर आमच्यापैकी कुणाबद्दल म्हटलेलं नव्हतं. पण त्या मुख्याध्यापिकेला ते कुठून ठाऊक असणार? तिला एवढंच कळलं की या बाईला भांडं काढता येतं. रोहिणीने वर मान केली नाही. वर्ग संपेपर्यंत ती काढत राहिली. मग पेन्सिली डब्यात भरल्या, सरांना नेहमीसारखा नमस्कार केला आणि खाली नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसली. ती त्या वर्गात पुन्हा आली नाही.

काही आठवड्यांनी मी एचएसआरला तिच्या घरी गेले. शाळेत कुणीतरी तरुण मुलगा लागला होता, तो भिंतींवर कार्टून काढायचा आणि मुलं त्याच्यावर खूश होती. रोहिणीने मला पोहे केले. तिच्या पेन्सिली मुलाच्या कंपासपेटीत गेल्या होत्या, भूमितीसाठी.

"नोकरीचं काही नाही गं," ती म्हणाली. "नवरा तर म्हणाला बरं झालं, दगदग वाचली. पण मला चांगलं येते की नाही हे मला अजून माहीतच नाही. ते एका माणसाला माहीत होतं. त्यांना येत नाही असंच वाटत असंल, नाहीतर एक शब्द काय जड होता?"

मी म्हटलं, मला तर तुझी चित्रं खरंच फार आवडतात. ती हसली. "तू छान म्हणून राहिली," ती म्हणाली. सरांनी आम्हाला हे असं शिकवून ठेवलं होतं, की आमचं एकमेकांचं बोलणंही आम्हाला खरं वाटेना.

मग मात्र मी सरांना दर्शिनीत गाठलं. नेमका त्या दिवशी अर्धा ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही. म्हटलं, "सर, त्या बाईंनी तुम्हाला रोहिणीबद्दल विचारलं, तुम्ही असं कसं सांगितलंत?"

"कसं? खोटं सांगू काय?"

"खोटं नका सांगू. पण खरं तरी पुरतं सांगायचं. वर्गात तिच्याएवढं कुणाला येतं?"

सरांनी कॉफी संपवली. ग्लास पालथा घालून त्याच्या काठाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे बघून म्हणाले, "तुमची बस आली बघा."

बस खरोखरच आली होती. मी चढले. असा माणूस भांडायलाही हाती लागत नाही.

पुढे वर्ग आपोआपच आटला. मंडळाच्या नव्या लोकांना ती खोली व्यायामाच्या वर्गासाठी हवी झाली, सरांचे गुडघे बस चढू देईनात, ठाणे खरोखरीच ठाण्याला बदलून गेले. मी अजूनही काढते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये वहीच्या कडेला, विमानतळावर, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना. बरं येतं की नाही, हा विचार मी करत नाही, कारण मला त्याची गरज पडत नाही. हा माझा काही मोठेपणा नाही, मला लहानपणापासून पुरेसं कौतुक मिळालं आहे, एवढंच. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला सरांची शाळा मानवते. उपाशी माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी मी सरांना भेटायला येलहंकेला गेले. अक्का खाली भाजी निवडत बसल्या होत्या. "वर आहेत. जिना उतरता येत न्हाई, म्हणून बोलणारं कोण न्हाई त्यांना," त्या म्हणाल्या, आणि मग, "उतरता येत होतं तेव्हा तरी कुठं बोलत होते."

सर गच्चीवरच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. समोरच्या इमारतीवरची पाण्याची काळी टाकी काढत होते. वर आभाळात विमानं आवाज करत घिरट्या घालत होती, तिथल्या हवाई दलाच्या तळावर कसरतींची तयारी चालली होती, आणि अख्खं येलहंका मान वर करून बघत होतं. सर टाकी बघत होते.

"या, पुणे," ते म्हणाले. "पेन्सिल लहान झालीय तुमची काय अजून नवीच आहे?"

"लहान झाली, सर."

"हं." ते थोडा वेळ काढत राहिले. मग मान वर न करता विचारलं, "नागपूर काढते काय?"

इतक्या दिवसांत त्यांनी तिच्याबद्दल पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, "नाही. तेव्हाच बंद केलं तिने."

पेन्सिल थांबली. "का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. ते वेड पांघरत नव्हते.

"चांगलं येत होतं की तिला," सर म्हणाले. "माझ्याकडं येऊन गेली त्या सगळ्यांत चांगलं. शाळेतली पोरं धरून सांगतो. तिच्या ग्लासात पाणी ओतावं वाटायचं."

हे ते इतक्या सहज बोलले, जसं कुणी सांगावं की सकाळी नळाला पाणी आलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "सर, हे तिला सांगा. आत्ता." ते काही बोलायच्या आत मी रोहिणीला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन त्यांच्या समोर धरला.

"नागपूर, मी सदलगे," सर म्हणाले.

मग रोहिणीचा आवाज आला, एकदम शाळेतल्या मुलीसारखा. "सर, नमस्कार. बरे आहात नं? गुडघे कसे आहेत?"

"आहेत."

मी हाताने खुणा करत होते. सरांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते म्हणाले, "हात चालू ठेवायचा. रोज स्वल्प रेघा ओढायच्या. खांद्यातून."

"हो सर," रोहिणी म्हणाली.

सरांनी फोन माझ्याकडे ढकलला. मला राहवेना. मी म्हटलं, "रोहिणी, सर आत्ता काय म्हणाले माहीत आहे? त्यांच्याकडे शिकून गेलेल्या सगळ्यांत तुला चांगलं येत होतं. तुझ्या ग्लासात पाणी ओतावंसं वाटायचं, असं म्हणाले."

ती हसली. "मेधा, तू फार चांगली आहेस गं. पण सर असं म्हणत नसतात. माझं मन राखायला कशाला त्यांच्या नावावर खोटं बोलून राहिली?"

"अगं, खरंच म्हणाले. इथेच बसलेत. सर, सांगा ना तिला."

मी फोन पुन्हा त्यांच्या तोंडाजवळ नेला. सर फोनकडे बघत राहिले. एक विमान डोक्यावरून गेलं, त्याचा आवाज विरून गेला, तरी ते बघतच होते.

"बघ, मी म्हटलं नं," रोहिणी पलीकडून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "जाऊ दे गं. मुलगा आलाय क्लासवरून, मी ठेवते."

फोन बंद झाला. सर म्हणाले, "कशाला सांगितलंत? आता काढलं तर चांगलं म्हटलेलं ऐकायला काढेल ती."

"ती काढतच नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग "सरी," म्हणजे कन्नडमधलं 'बरं', एवढंच म्हणाले, आणि पाटी मांडीवर नीट करून पेन्सिल उचलली. मी उठले. "येते," म्हटलं, त्यावर त्यांनी मान हलवली. जिन्याच्या वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते टाकीच्या सावलीवर पेन्सिल फिरवत होते. ती सावली केव्हाच पुरेशी गडद झाली होती. तरी ते फिरवतच होते.